मारायचा, पण कोणता?

प्रश्न: आमची वस्ती गावापासून दीड किलोमीटरवर, तीन बाजूंनी ऊस, चौथ्या बाजूला ओढा. दोन महिन्यांत बिबट्याने एक कालवड, चार शेळ्या आणि राखणीचं कुत्रं नेलं. वनखात्याचा पिंजरा वीस दिवस लागून होता, त्यात मांजर अडकलं. आता भावकीतले दोघं म्हणतात, उरलेल्या शेळीवर औषध टाकू, नाहीतर ओढ्याला फासे लावू. बाकीचे म्हणतात, धरून लांब सोडून द्या. आई म्हणते वाघाला हात लावू नका, घर बसतं. माझी मुलगी सात वर्षांची आहे. जनावराचा जीव मोठा की तिचा? मारलं तर पाप की न मारलं तर?
– एक शेतकरी, आंबेगाव तालुका

उत्तर: शेवटच्या प्रश्नापासून सुरू करू. तुमच्या मुलीचा जीव मोठा, त्यात दुमत नाही. माणसावर टपून बसणारा बिबट्या पकडता येत नसेल तर मारावाच लागतो आणि कायद्यालाही ते मान्य आहे. अडचण वेगळीच आहे. भावकी म्हणते ‘बिबट्याला मारू’, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर तुमची कालवड नेणारं जनावर असतं. विष किंवा फासा मात्र त्या रात्री जो कोणी ओढ्याने जाईल त्याला पकडतो. तुमच्या शिवारात बहुधा एकच बिबट्या नाही. जुन्नरच्या पलीकडे अकोले तालुक्यात ऊस-बागायतीच्या पट्ट्यात कॅमेरे लावून मोजणी झाली, तेव्हा १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच मोठे बिबटे निघाले. पिल्लं वेगळी.

विषाचं आधी. कोणी ‘थिमेट’ हे कीटकनाशक म्हणत असेल, तर त्यातल्या फोरेटच्या विक्रीवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. घरात जुनी पुडी पडली असेल तर तिचाच धोका बिबट्यापेक्षा मोठा. विष टाकलेल्या शेळीवर पहिली येतात गावातली कुत्री, मग कावळे, घारी, कोल्हे, मुंगूस. बिबट्या आलाच तर तो जागेवर पडत नाही. उलट्या करत, तडफडत उसात शिरतो आणि दोन दिवसांनी पाणी धरायला गेलेल्या माणसासमोर येतो. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दात विष घालणं, फासा लावणं, सापळा लावणं आणि या सगळ्याचा नुसता प्रयत्नही येतो. बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. बिबट्या मेला नाही तरी.

फाशाचं त्याहून वाईट. क्लचच्या वायरचा फासा डुकरासाठी लावला असं सगळे सांगतात, पण वायरला डुक्कर आणि बिबट्या यातला फरक कळत नाही. कधी कधी बिबट्या ओढून वायर तोडतो आणि पंजात किंवा कमरेत रुतलेली तार घेऊन जातो. पंजा सडलेल्या बिबट्याला ससा, रानडुकराचं पिल्लू, चपळ कुत्रं सापडत नाही. मग त्याला काय सापडतं? दाव्याला बांधलेली शेळी आणि अंगणातलं लेकरू. जो त्रास टाळायला फासा लावला तोच त्रास आपण हाताने तयार करतो. कुंपणात थेट लाईनचा करंट सोडण्याबद्दल तर बोलायलाच नको. त्यात दरवर्षी माणसं मरतात, आणि बहुतेकदा ती त्याच शिवारातली असतात. बॅटरीवरचं झटका मशीन निराळं. त्याचा झटका क्षणभराचा असतो, जीव जात नाही. पण ते डुकरांसाठी बरं, बिबट्या त्याच्या वरून उडी घेतो.

आता ‘धरून लांब सोडा’. हा सल्ला सगळ्यात दयाळू वाटतो आणि जुन्नर वनविभागाने याची किंमत मोजलेली आहे. १९९३ ते २००१ या काळात तिथे माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. फेब्रुवारी २००१ पासून शेळ्या खाणारे, विहिरीत पडलेले, नुसते दिसलेले बिबटे धरून जवळपासच्या जंगलांत सोडायला सुरुवात झाली. २००३ अखेरपर्यंत हल्ल्यांची सरासरी वर्षाला सतरावर गेली, आणि त्यांतले जीवघेणे हल्लेही वाढले. याचं कारण समजून घ्या. बिबट्याचं घर ठरलेलं असतं. कोणत्या ओढ्याने जायचं, कोणत्या वस्तीवर कुत्री मोकळी असतात, माणसं किती वाजता निजतात, हे त्याला पाठ असतं. म्हणून तो माणसाला टाळू शकतो. त्याला अनोळखी मुलखात सोडलं की तो परतीची वाट धरतो. पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला २००९ मध्ये विहिरीतून काढलेल्या एका नराला रेडिओ कॉलर लावून माळशेजला सोडलं होतं. तो चालत मुंबईच्या संजय गांधी उद्यानापर्यंत गेला, सुमारे १२० किलोमीटर. त्याने वाटेत माणसाला काही केलं नाही. पण पिंजऱ्यात डोकं आपटून सुळे मोडलेला, आठ दिवस माणसांच्या गराड्यात काढलेला प्रत्येक बिबट्या तसाच वागेल याची हमी कोण देणार?

आणि इकडे रिकाम्या झालेल्या जागेत कोण येतं? मोठा नर गेला की त्याच्या हद्दीवर दोन-तीन तरणे नर भांडतात. नवा नर आधीच्या नराची पिल्लं मारतो, मादी पुन्हा माजावर येते. शिवारात अनुभवी एक होता, त्याच्या जागी हद्द शोधत फिरणारे अननुभवी तिघं येतात. पिंजऱ्यात मांजर सापडलं म्हणून तुम्ही वैतागला असाल, पण पिंजऱ्याचं दुसरं एक दुखणं लक्षात घ्या. आतल्या शेळीच्या ओरडण्याने लांबचा बिबट्याही वस्तीशी येतो. पिंजरा लावायचाच असेल तर घरापासून लांब, मागच्या शिकारीच्या वाटेवर लावा, आणि पकडलेला तोच आहे का हे कॅमेऱ्यातल्या ठिपक्यांवरून ताडून बघा असा आग्रह धरा. दोन बिबट्यांचे ठिपके सारखे नसतात.

मग करायचं काय? पत्रात तुम्ही एक गोष्ट सांगितली नाहीत, ती आम्ही अंदाजाने सांगतो. चारही शेळ्या एकतर उघड्यावर दाव्याला होत्या, नाहीतर अशा गोठ्यात होत्या ज्याची भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये हातभर फट आहे. बरेच गोठे असेच दिसतात.

दहा शेळ्यांसाठी दहा बाय बारा फुटांची खोली पुरते. खाली दोन-अडीच फूट विटांची किंवा दगडी भिंत घ्या. ती महत्त्वाची आहे. शेळ्या रात्री जाळीला टेकून बसतात आणि बिबट्या जाळीतून पंजा घालून पाय ओढतो. आत बसलेली शेळी त्याला दिसता कामा नये. त्यावर साखळी जाळी, १० गेज, दोन इंची घर. कोंबड्यांची षटकोनी जाळी चालत नाही, ती तो दाताने फाडतो. नायलॉनची तर नाहीच. खांब दोन इंची लोखंडी पाईपचे, पाच-पाच फुटांवर, दीड फूट खाली काँक्रीटमध्ये. या मापाला परिघ ४४ फूट होतो, म्हणजे दाराच्या दोन खांबांसह साधारण दहा-बारा खांब. जाळीची खालची कड मोकळी लटकत ठेवू नका, भिंतीच्या वरच्या थरात सिमेंटमध्ये पकडवा. छपराचे पत्रे जे-बोल्टने कसा. दगड ठेवून दाबलेला पत्रा बिबट्या सहज सरकवतो. भिंत, जाळी आणि पत्रा यांच्यात कुठेही चार इंचांपेक्षा मोठी फट राहू देऊ नका. दार लोखंडी चौकटीचं, बाहेर उघडणारं, म्हणजे ढकलून आत जात नाही. कडी वर आणि खाली, दोन्हीकडे.

तरी गडबड होते, आणि ती बहुतेक वेळा बांधकामात नसते. चैत्र-वैशाखात आत उकडतं म्हणून दार रात्री अर्धं उघडं ठेवतात. चारही बाजूंनी पत्रा ठोकून कोंदट गोठा केला तर हेच होणार, मूत साचून शेळ्यांना खोकलाही लागतो. म्हणून बाजूंना भिंतीच्या वर जाळी हवी, पत्रा फक्त छपराला. दुसरं, शेळ्या आत आणि करडं बाहेर डालग्याखाली. डालगं उलटायला बिबट्याला एक पंजा पुरतो. आणि तिसरं, एखादा दिवस लग्नाला गेलं, शेजाऱ्याने कडी लावली नाही. बिबट्या रोज चाचपत असतो, त्याला ती एक रात्र पुरते. गोठ्यात शिरला की तो एकावर थांबत नाही, दहाही मारतो. लोक म्हणतात माजला आहे. तसं नाही. रानात एक पकडली की बाकीची पळून जातात. गोठ्यात पळायला जागा नसते, समोर धडपड सुरूच राहते आणि ती थांबेपर्यंत तो चावत राहतो.

लुकलुकणारे दिवे, फटाके, रेडिओ यांचा उपयोग थोडेच दिवस. मग त्याला कळतं की यातून काही होत नाही. दिवा लावणार असाल तर त्याची जागा दर चार दिवसांनी बदला.

कुत्र्याबद्दल थोडं. अकोल्यातच बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला आहे. पोटात गेलेल्या वजनात सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा होता, शेळ्यांचा ११, आणि तिथे शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या. म्हणजे वस्तीवर बिबट्या बहुतेकदा कुत्र्यासाठी येतो. राखणीचं कुत्रं अंगणात साखळीला बांधणं म्हणजे बिबट्याला ताट वाढून ठेवणं. रात्री त्याला गोठ्यात घ्या, तिथून भुंकलं तरी काम होतं. मोकळं ठेवणार असाल तर गळ्यात लोखंडी खिळ्यांचा रुंद पट्टा हवा, कारण बिबट्या गळाच धरतो. ओढ्यात मेलेलं जनावर आणि कोंबड्यांची घाण टाकण्याची पद्धत बंद करा. त्यावर मोकाट कुत्री पोसतात, कुत्र्यांवर बिबट्या. मेलेलं जनावर सहा फूट खड्ड्यात चुना टाकून पुरा.

मुलीसाठी. बिबट्या लांबून धावत येत नाही. लपत-दबत पाच-दहा मीटरवर येतो आणि झेप घेतो. म्हणून घराभोवती निदान तीस फूट जागा अशी हवी की तिथे मांजरही लपू नये. ऊस दारापर्यंत आणू नका, त्या पट्ट्यात कांदा, मेथी, भुईमूग घ्या. दिवस मावळल्यावर मुलीने एकटीने अंगणात, शौचाला, शेजारी दूध द्यायला जायचं नाही. संडास लांब असेल तर यंदा दुसरं काही करण्याआधी तो घराला जोडून घ्या. उभ्या माणसाला बिबट्या टाळतो. बसलेलं, वाकलेलं माणूस आणि लहान मूल त्याला उंचीने जनावरासारखं दिसतं. गवत कापताना, भांडी घासताना, शौचाला बसल्यावर झालेले हल्ले यातूनच येतात. समोरासमोर आलात तर वाकायचं नाही, पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही. मुलीला हाताला धरून उभ्याने अंगाशी घ्या, हात वर करून ओरडत एक-एक पाऊल मागे या.

रात्री दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जाणं हा तर मोठा घोळ आहे. शेतीची वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीची, आणि बिबट्या फिरतो तोही रात्री. एकट्याने बॅटरी घेऊन बांधावर वाकून पाणी फिरवणारा माणूस म्हणजे वर सांगितलेल्या सगळ्या चुका एका जागी. जाणं टळत नसेल तर दोघांनी जा, मोबाईलवर मोठ्याने गाणी लावा, हातात घुंगराची काठी असू द्या, आणि एकजण कायम उभा राहू द्या. पण गावाने जो जोर पिंजऱ्यासाठी लावला, तोच दिवसाच्या लाईनसाठी लावला पाहिजे. बिबट्या राहावा असं शहरातल्या माणसाला वाटतं आणि ते वाटणं चुकीचं नाही. पण त्याची किंमत वस्तीवरच्या माणसाने एकट्याने का द्यायची? दिवसाची वीज, गोठ्याला अनुदान, वेळेवर भरपाई हे तुम्ही हक्काने मागा.

भरपाईचं थोडक्यात. जनावर मेलं की ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवा, १९२६ हा त्यांचा टोल फ्री क्रमांक आहे. मढं हलवू नका, फोटो काढून ठेवा. वनरक्षक पंचनामा करतो, पशुवैद्यकीय अधिकारी किंमत ठरवतो. बाजारभावाच्या ७५ टक्के मिळतात, त्यालाही वरची मर्यादा आहे. माणूस दगावला तर वारसांना २५ लाख. मढ्यावर औषध टाकलंत तर भरपाई गेलीच, वर गुन्ह्याचा पुरावा तुम्हीच देता. पंचनाम्याआधी तुम्हीही बघून घ्या: बिबट्याच्या मारात गळ्याला चार सुळ्यांची खोल भोकं असतात, आणि ओल्या मातीत उमटलेल्या पावलाला नखं दिसत नाहीत. मागच्या मांडीला लचके आणि पावलांना नखं असतील तर ते मोकाट कुत्र्यांचं काम आहे. गावात कुत्र्यांचे मारही बिबट्याच्या नावावर जातात.

आता बिबट्याला मारायची वेळ कधी येते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ नुसार मुख्य वन्यजीव रक्षक लेखी, कारणं देऊन आदेश काढू शकतात, पण जनावर माणसाच्या जिवाला धोकादायक झालं आहे आणि त्याला पकडणं, बेशुद्ध करणं किंवा हलवणं शक्य नाही अशी त्यांची खात्री पटावी लागते. शेळ्या खाल्ल्या हे कारण पुरत नाही, आणि पुरूही नये. शेळी हे त्याचं खाणं आहे. वाकलेल्या माणसावर अंधारात चुकून पडलेली झेप आणि माणसाला ओढून नेऊन खाणं, यात फरक आहे. दुसरा प्रकार एकाच परिसरात पुन्हा घडला तर मात्र वाट बघण्यात अर्थ नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये तुमच्या शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत तीन जीव गेले, दोन लहान मुलं आणि एक वृद्धा. परवानगी निघाली, नेमबाजांनी बिबट्या टिपला. तो निर्णय योग्य होता. उशीर झाला असं तिथली माणसं म्हणतात, आणि ज्यांच्या घरातलं लेकरू गेलं त्यांना आम्ही काय सांगणार. अशा वेळी गावाने मागायचं ते हे: जखमेवरच्या लाळेचा नमुना आणि पावलांचे ठसे त्याच दिवशी घ्या, जागेभोवती त्याच रात्री कॅमेरे लावा, आणि तोपर्यंत गर्दी लांब ठेवा. शंभर माणसांनी काठ्या घेऊन ऊस वेढला की जनावर बिथरतं, पाच जण जखमी होतात आणि खरा कोण ते कायमचं कळेनासं होतं.

अंगावर आलेल्या बिबट्याला स्वतःला किंवा दुसऱ्याला वाचवताना मारलं तर तो गुन्हा नाही, हेही त्याच कलमात आहे. त्यालाही एक अट आहे. त्या वेळी तुम्ही स्वतः कायदा मोडत असता कामा नये. फाशात अडकलेला बिबट्या उलटला आणि मारला, तर ही सवलत फासा लावणाऱ्याला नाही.

आईंना सांगा, त्यांचं म्हणणं आम्ही हसण्यावारी नेत नाही. अकोल्याकडे महादेव कोळी समाजात वाघबारस पाळतात, वाघोबाला मान देतात. पण मान देणं म्हणजे शेळ्या उघड्यावर सोडणं नाही. रानात उतरणारा धनगरही मेंढरांभोवती वाघूर, म्हणजे जाळीचं कुंपण लावल्याशिवाय पाठ टेकत नाही. गोठा बंदिस्त केला तर आईंचं मन मोडत नाही आणि भावकीला फासा लावावा लागत नाही.

एक राहिलं. तुमच्या उसाला तोड लवकरच येईल. मुकादमाशी आधी बोला. फड चारही बाजूंनी तोडत आत येऊ नका, शेवटच्या तुकड्यात बिबट्या कोंडला जातो आणि कोयतेवाल्यांच्या अंगावर येतो. वस्तीच्या बाजूने सुरू करा, ओढ्याची बाजू शेवटी ठेवा, म्हणजे त्याला जायला वाट राहते. टोळीची मुलं बांधावर एकटी निजवू नका. पाचटात पिल्लं सापडली तर हात लावू नका, फोटोसाठी तर नाहीच. त्या फडातलं काम थांबवा, १९२६ ला फोन करा. वनखात्याची माणसं पिल्लांना फूटभर काठाच्या क्रेटमध्ये त्याच जागी ठेवतात. काठ असा की पिल्लं बाहेर रांगत नाहीत आणि मादीला उचलता येतात. बहुधा पहिल्याच रात्री ती घेऊन जाते, नाहीतर दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा ठेवतात. पिल्लं गावात आणली तर ती त्यांच्या मागावर गावात येईल. त्या दोन रात्री त्या बाजूला पाणी धरू नका.